केळी म्हणजे ऐका

राजाजीनगर, बेंगळूर
१२ एप्रिल १९९५

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण माझा उजवा गुडघा आता वाकत नाही आणि उगाच खोटं कशाला लिहा, म्हणून उभ्यानेच केलेला नमस्कार गोड मानून घे.

पाकिटावरचं अक्षर बघून तू दचकली असशील. घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही. तुझी भावजय गोजरा ठणठणीत आहे आणि रोज सकाळी मला माझे दोष सांगते. पत्र लिहितोय ते एका साध्या चौकशीसाठी. घोड्याच्या टापा काढताना करवंट्यांच्या आत तू काय कोंबायचीस? मी नुसत्या करवंट्या फरशीवर आपटतो तेव्हा घोडा येतोय असं वाटत नाही, शेजारी कुणीतरी चटणीसाठी नारळ फोडतंय असं वाटतं. कापूस की जुनं धोतर, एवढंच कळव. एका ओळीचं काम आहे, कार्डावर मावेल.

झालं असं, की परवा आपल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी आप्पाजी घरी आले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळ मुलांचं शिबिर भरवतंय. इंदिरानगरात शिवानी म्हणून एक मुलगी राहायला आली आहे, पुण्याची, नवरा कॉम्प्युटर कंपनीत. तिने मुलांच्या नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलंय. तिचं म्हणणं, मुलांच्या तोंडात आधी संवाद घालायचेच नाहीत. आधी त्यांना ऐकायला शिकवायचं, मग आवाज करायला, आणि संवाद अगदी शेवटी, वेळ उरला तर. तिला आवाजांतला जाणकार हवा होता. आप्पाजी म्हणाले, अख्ख्या बेंगळुरात असा माणूस एकच आहे. मी फुगलो. मग म्हणाले, वसुमतीअक्का इथे असत्या तर त्यांनाच सांगितलं असतं, पण आता तुम्ही. माझ्यातली हवा गेली, तरी मी हो म्हणालो. बारा वर्षं तू मंडळात मुलांची नाटकं बसवलीस आणि बारा वर्षं मी पडद्याआड उभा राहून तुझ्या नाटकांतले वाघ, आगगाड्या, वादळं आणि राक्षस वाजवले. रिटायर झाल्यापासून मी फक्त वर्तमानपत्राचा आवाज करतो, असं गोजरा म्हणते.

१९८८ च्या मे महिन्याबद्दल या पत्रात मी काही लिहिणार नाही. त्यासाठी हे पत्र नाहीच. तू पुण्याला लेकाकडे, नंदकिशोरकडे निघून गेलीस, त्यानंतर सात वर्षांत तू ओळ लिहिली नाहीस, मीही नाही, म्हणजे फिट्टंफाट. फक्त एवढंच सांगतो, की गडगडाटाच्या पत्र्याची दोरी तुटली होती आणि मी तुला तीनदा सांगितलं होतं. तीनदा. असो. लिहिणार नाही म्हटलं ना.

करवंट्यांचं तेवढं कळव.

तुझा रघू

*

राजाजीनगर
२२ एप्रिल १९९५

ती. अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. मी जुनं धोतर कोंबून पाहिलं आणि घोडा झकास धावू लागला. म्हणजे तुला पत्र लिहायला माझ्याकडे आता काही निमित्त उरलेलं नाही. तरी लिहितोय, कारण इथे जे घडलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. ज्याला सांगावं त्याला आधी समजावून सांगावं लागतं, आणि समजावलेल्या विनोदाला कुणी हसत नाही.

सोमवारी शिबिर सुरू झालं. एकोणीस पोरं. निम्मी आपल्यासारख्या जुन्या घरांतली, मराठीत कानडी कालवणारी. निम्मी पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्यांची, मराठीत इंग्रजी कालवणारी. आणि आमच्या शेजारची रम्या, आठ वर्षांची. तिच्या घरी चोख कानडी, पण दिवसातले चार तास ती गोजराच्या स्वयंपाकघरात असते, त्यामुळे मराठी सगळं समजतं आणि बोलते स्वतःच्या व्याकरणाने. मला आजोबा मानते, ताता म्हणते.

पहिल्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये असा गलका झाला, की शिवानीचा आवाज शिवानीलाही ऐकू येईना. मी पुढे झालो, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं ते तुझंच. दोन टाळ्या, आणि "केळी! केळी!" जुन्या घरांतली पोरं एकदम चिडीचूप. त्यांच्या घरातलं कुणी ना कुणी तुझ्या हाताखालून गेलंय, कुणाची आई, कुणाचा मामा. तू गेलीस, पण तुझी केळी घराघरात राहिली. त्यांचं बघून नवी पोरंही गप्प झाली. शिवानीने माझ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच गलका, पुन्हा माझ्या टाळ्या, पुन्हा केळी केळी. त्याबरोबर शिवानी लगबगीने कोपऱ्यात गेली आणि पिशवीतून येलक्की केळ्यांच्या दोन भल्या मोठ्या फण्या काढून मुलांना वाटू लागली. मी बघतच राहिलो. मला म्हणाली, "काका, काल केळ्यांचं नाव काढल्यावर मुलं किती पटकन शांत झाली ना, सो आज मी घेऊनच आले. फॅन्टास्टिक आयडिया आहे तुमची."

कानडीत केळी म्हणजे 'ऐका', हे तुला-मला पाळण्यापासून माहीत. पुण्याहून सहा महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीला कोण सांगणार? विराट म्हणून सात वर्षांचं एक कार्टं आहे, त्याने तोंडातलं केळं न गिळताच तिला अर्थ सांगितला. ती आधी लाल झाली आणि मग इतकी हसली की खालीच बसली. मीही हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. असा शेवटचा कधी हसलो होतो ते आठवायला गेलो तर ८८ च्या आधीचं काहीतरी आठवलं, म्हणून आठवायचं सोडून दिलं.

तेव्हापासून खेळाचं नावच 'केळी'. सगळ्यांनी गोल बसायचं, डोळे मिटायचे, दोन मिनिटं नुसतं ऐकायचं. काय ऐकलं ते सांगायचं नाही, करून दाखवायचं, तोंडाने, हातांनी, जमेल तसं. ज्याचा आवाज बाकीच्यांनी ओळखला त्याला एक केळं. पहिल्या दिवशी सगळ्यांना फक्त रिक्षा आणि कावळे ऐकू आले. चौथ्या दिवशी एकीने नळाची गळती ऐकली, एकाने पलीकडच्या रस्त्यावर पालेभाज्या विकणाऱ्या सोप्पुवालीची हाक, आणि विराटने आप्पाजींचं पोट. शांतता असताना आप्पाजींचं पोट खरोखर बोलतं. विराटने ते इतकं हुबेहूब काढलं, की आप्पाजी धरून सगळ्यांनी ओळखलं.

आप्पाजींना मात्र एक काळजी लागली आहे. २८ मे, रविवारी शिबिराचा कार्यक्रम आहे, आणि शिवानीच्या बेतात एकही संवाद नाही. बेंगळुरातली एक सकाळ, पहाटेपासून शाळेच्या घंटेपर्यंत, नुसत्या आवाजांतून उभी करायची आणि लोकांनी डोळे मिटून ऐकायची. आप्पाजी म्हणाले, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मराठीच नसेल तर लोक काय म्हणतील? मी म्हटलं, कुकरची शिट्टी मराठीच आहे, हवं तर तीन शिट्ट्या करू. त्यांनी मान डोलावली. पटलं की नाही कोण जाणे.

तुला हे सगळं आवडलं असतं.

रघू

*

राजाजीनगर
४ मे १९९५

अक्का,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. हे चौथं. गोजराने टेबलावरचा केर काढायचं सोडून दिलंय.

परवा शिवानीने एक नवा खेळ घेतला. एकाने मध्ये उभं राहायचं, डोळ्यांवर पट्टी, एका कानात कापसाचा बोळा आणि वरून तळहात दाबलेला. दुसऱ्याने कुठूनही करवंट्या वाजवायच्या, आणि मधल्याने आवाजाकडे बोट दाखवायचं. विराट मध्ये होता, त्याचा डावा कान बंद. रम्या त्याच्या डाव्या हाताला उभी राहून टाप टाप वाजवत होती आणि हा पठ्ठ्या ठामपणे उजवीकडे बोट दाखवत होता. पोरं खिदळत होती. मग रम्या डावीकडूनच त्याच्या जवळ गेली आणि हळूच काहीतरी विचारलं. त्याला नीट कळलं नाही. त्याने मान जराशी वाकडी केली, गोड हसला आणि म्हणाला, "हो हो."

तिने विचारलं होतं, "तू गाढव आहेस?"

सगळा हॉल हसून लोळला. मला हसता येईना. ती वाकडी मान माझ्या ओळखीची होती. ते हसू आणि ते 'हो हो' तर फारच ओळखीचं होतं.

मी खुर्ची ओढून बसलो आणि एकेक आठवू लागलो. बसमध्ये तू मला उठवून स्वतः खिडकीशी बसायचीस, डावी बाजू खिडकीकडे करून. पंगतीत भिंतीकडची डावी जागा तुला लागायची, मी म्हणायचो अक्काला मानाचं पान हवं. टेलिफोन कायम उजव्या कानाला. आणि ८६ सालापासून तू तालमीत ओरडून सूचना देणं सोडलंस आणि हातांच्या खुणा सुरू केल्यास. पोळी लाटल्यासारखा हात फिरला की वारा, चिमूट उघडली की पक्षी, मूठ डोक्यावर नेऊन उघडली की माझा पत्रा, म्हणजे गडगडाट. मी गावभर सांगत सुटलो, की आमच्या अक्काला आता तोंड उघडायचेसुद्धा कष्ट नकोत.

आणि मग तो दिवस. मी लिहिणार नव्हतो, पण आता लिहिलंच पाहिजे. नऊ वर्षांचा गुंडो राक्षस झाला होता, शिंगं लावून विंगेत उभा. आधी माझा गडगडाट, मग त्याची एन्ट्री, मग त्याचं वाक्य, असं तूच त्याच्याकडून घोटून घेतलं होतंस. ऐनवेळी टांगलेल्या पत्र्याची दोरी तुटली आणि पत्रा मागच्या फटीत जाऊन बसला. मी तुझ्याजवळ येऊन म्हटलं, दोरी तुटली, गुंडोला सोडू नकोस. तू रंगमंचाकडे बघत मान वाकडी केलीस, हसलीस आणि म्हणालीस, हो हो. मी तीनदा सांगितलं. तू तीनदा हो हो म्हणालीस आणि गुंडोला पुढे ढकललंस. तो बिचारा मधोमध उभा राहून गडगडाटाची वाट बघत राहिला. तो येईना, तेव्हा त्याने भोकाड पसरलं. लोक हसले. पडदा पाडल्यावर तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, दोरी तुटल्याचं सांगायला काय झालं होतं? आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, तुला तुझ्या आवाजापुढे दुसऱ्या कुणाचं कधी ऐकूच येत नाही.

मी त्या वेळी तुझ्या डाव्या बाजूला उभा होतो, अक्का.

घरी येऊन गोजराला विचारलं, तुला काही ठाऊक होतं का? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अक्कांना डाव्या कानाने येत नाही ते? मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही कधी विचारलंच नाही."

आज शिबिरात मी कोपऱ्यात करवंट्या पुसत बसलो होतो. रम्या माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताता, केळी अंद्रे, केळी म्हणजे, विचारा पण होतं. तुम्ही नुसतं ऐका ऐका म्हणता. विचारत काहीच नाही." तिला फक्त एवढंच हवं होतं, की मी तिला विचारावं, कार्यक्रमात तिला कुठला आवाज करायचा आहे. पण मी तिच्याकडे बघतच राहिलो. पन्नासच्या वर वर्षं मी कानडी बोलतोय. ऐकणं आणि विचारणं यांना त्या भाषेत एकच शब्द आहे, हे मला माहीत होतं आणि तरी माहीत नव्हतं.

म्हणून आता विचारतो. सात वर्षं उशिरा विचारतो.

त्या दिवशी तुला ऐकू आलं नव्हतं का?

रघू

*

राजाजीनगर
१५ मे १९९५

माझ्या अक्का,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने फाटकातून आत टाकलं ते मी गुडघा विसरून उचललं. "हो. डावा. तुला माहीत आहे असं वाटलं." सात वर्षांत सात शब्द, वर्षाला एक. मी मोजले. गोजराने पुन्हा मोजून खात्री केली.

म्हणजे इतकी वर्षं तुला वाटत राहिलं, की मला ठाऊक होतं आणि तरी मी चारचौघांत तुझ्या कानावरून तुला टोचलं. अक्का, मला लाज वाटते. मी वाईट बोललो होतो, पण इतकं वाईट नव्हतो बोललो, आणि झालं मात्र तेवढं वाईट. मला माफ कर. हे वाक्य आवाजात म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तुझ्या उजव्या बाजूला उभं राहायला मी आत्ता तिथे नाही.

आणि आता थोडं रागावतोही. तू का नाही सांगितलंस? बहिरी अक्का मुलांची नाटकं काय बसवणार, असं लोक म्हणतील म्हणून? मंडळात निम्म्यांना दोन्ही कान असून ऐकू येत नाही, ते खुशाल कमिटीवर आहेत.

आता कामाचं. कार्यक्रमाला तेरा दिवस राहिले आणि आमची सकाळ काही केल्या होत नाही. आवाज एकेक सुरेख आहेत. रम्याला विचारल्यावर कळलं, की तिला फुलवाली व्हायचंय. तिची "हूवाऽ" अशी हाक आहे, की परवा समोरच्या घरातल्या बाई खरंच पैसे घेऊन दारात आल्या. विराट बस आणि कंडक्टर दोन्ही करतो. दोघी बहिणी मिळून कुकर करतात, एक शिजते आणि एक शिट्टी देते. पण सगळी एकदम सुरू होतात. पहाटेच शाळेची घंटा वाजते आणि कोंबडा आरवतो तेव्हा बस निघून गेलेली असते. शिवानी हातात कागद घेऊन नावं पुकारते, मग लोकांना बेंगळूरची सकाळ नाही, शाळेतली हजेरी ऐकू येते. इथे कुणीतरी समोर उभं राहून नुसत्या हातांनी ही सकाळ हळूहळू उघडायला हवी. तुझ्या खुणांपैकी मला चारच आठवतात, आणि त्यांतली एक मी चुकीची शिकवली. आता पक्षी म्हटलं की पोरं वारा करतात.

आप्पाजींनी तर जाहीर केलंय, की चोवीस तारखेपर्यंत जमलं नाही तर हे सगळं रद्द आणि मुलांनी दोन श्लोक म्हणायचे. रम्याने मला विचारलं, श्लोकात फुलवाली असते का? मी तिला काय सांगू?

तू ये. नंदकिशोरला सांग, तुला गाडीत उजवी बाजू माणसांकडे येईल अशी जागा बघून दे. स्टेशनवर मी येतो. कुठल्या बाजूला उभं राहायचं ते मला आता कळतं.

तुझा रघू

*

राजाजीनगर
३ जून १९९५

ती. अक्का,

तू पोचलीस हे नंदकिशोरच्या फोनवरून कळलं. तू इथे दहा दिवस होतीस आणि घर इतकं भरलं होतं, की आता दोन माणसांना ते सैल होतंय. रम्या रोज येऊन विचारते, अक्काअज्जी कधी येणार? तुझ्या खुणा तिच्या अंगात भिनल्यात. काल गोजराला तिने मूठ डोक्यावर नेऊन उघडून दाखवली, म्हणजे भूक लागली म्हणून पोटात गडगडतंय. गोजराला कळलं. लगेच डोसा मिळाला.

आप्पाजींना आता ही कल्पना मुळात त्यांचीच होती असं वाटू लागलंय. वाटू दे. तू आल्याच्या दुसऱ्या दिवशी, तोंडातून एक शब्द न काढता, नुसत्या हातांनी एकोणीस पोरांना तू गप्प केलंस, तेव्हाच त्यांना मागच्या मागे श्लोकांचा कागद घडी घालून खिशात ठेवताना मी पाहिलं होतं.

पण पत्र लिहायला बसलो ते एका गोष्टीसाठी. कार्यक्रमात तू मुलांकडे तोंड करून उभी होतीस, लोकांकडे तुझी पाठ. त्यामुळे जे तुला दिसलं नाही ते सांगायला हवं.

सगळ्यांनी डोळे मिटले होते. आप्पाजींनी एक उघडा ठेवला होता, पण कोंबडा आरवल्यावर त्यांनी तोही मिटला. तुझी चिमूट उघडली, पक्षी जागे झाले. मग दूधवाल्याची सायकल, मग बादलीत पडणारं पाणी, रांगोळीआधी अंगणात मारलेला सडा. लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते. रम्याची हूवाऽ आली तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून हात वेणीकडे नेला. तिसऱ्या शिट्टीला कुणीतरी सवयीने पुटपुटलं, अगं गॅस बंद कर. विराटची बस निघाली तेव्हा एक गृहस्थ खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकले. शिवानी भिंतीला टेकून रडत होती आणि हसत होती. नवऱ्याला दर मिनिटाला सांगत होती, डोळे मीट ना, आय सेड मीट.

मग शाळेची घंटा झाली. ठरल्याप्रमाणे तू दोन्ही हात खाली आणायचे आणि संपलं. मी माझ्या करवंट्या खाली ठेवल्यासुद्धा. पत्रा मागे टांगलेला होता तो फक्त तू "असू दे" म्हणालीस म्हणून, आमच्या सकाळीत गडगडाट कुठे होता? पण तू हात खाली आणले नाहीस. तू उजवीकडे वळलीस, माझ्याकडे, आणि तुझी मूठ हळूहळू डोक्यावर गेली. मला विश्वास बसेना. मूठ उघडली.

अक्का, आयुष्यात मी एवढा पत्रा कधी हाणला नाही. दोरी नवी होती, मी स्वतः तीन गाठी मारल्या होत्या. गडगडाट भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. लोकांनी दचकून डोळे उघडले. आणि त्याच क्षणी कुणीतरी भसाड्या आवाजात गरजलं, "कोण शिरलंय माझ्या जंगलात?"

तू उजवीकडे वळून पाहिलंस. आवाज आला होता डावीकडून, मागच्या रांगेतून. तो गुंडो होता. सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, आईने बळजबरीने आणून बसवलेला. त्याच्या आईने मला नंतर सांगितलं, की घंटेपर्यंत तो जांभया देत होता. गडगडाट झाला आणि तो ताडकन उभा राहिला, दोन्ही हात पंज्यांसारखे वर, आणि वाक्य बाहेर पडलं. त्याने ठरवून केलं नव्हतं. सात वर्षं ते वाक्य त्याच्या पोटात गडगडाटाची वाट बघत बसलं होतं. मग भानावर आला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन खाली बसायला लागला, पण लोकांनी बसू दिलं नाही. जे त्या वेळी हसले होते तेच आता उभे राहून टाळ्या वाजवत होते. तू स्टुलावर बसून हसत होतीस तेवढं मला दिसत होतं. मी पत्र्यामागे उभा राहून डोळे पुसत होतो ते तुला दिसलं नसेल, म्हणून लिहिलं. इतका आनंद या वयात झेपत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि हीच खरी.

परवा गाडी सुटताना तू खिडकीतून मला काहीतरी म्हणालीस. बराच वेळ बोललीस. शेजारी कॉफीवाला ओरडत होता, इंजिनाने शिट्टी दिली, मला एक अक्षर कळलं नाही. आणि मी काय केलं सांगू? मान वाकडी केली, गोड हसलो आणि म्हणालो, हो हो. तू एकदम खूश झालीस, हात हलवलास आणि गेलीस.

घरी येताना रिक्षात गोजरा म्हणाली, तुम्ही कशाला एवढं हो म्हणालात? मी म्हटलं, कल्पना नाही. तेव्हापासून आम्ही अंदाज बांधतोय. दिवाळीत एकोणीसच्या एकोणीस पोरांना घेऊन पुण्याला ये, असं म्हणाली असशील तर कठीण आहे, पण जमवू. पत्रा मला दे, असं म्हणाली असशील तर हो म्हटलेलं परत घेतो. कायमची इथे राहायला येऊ का, असं विचारलं असशील, तर गोजराने आतली खोली कालच झाडून ठेवली आहे.

पण अंदाज पुरेत. अंदाजांवर आपण दोघांनी सात वर्षं घालवली. उत्तराला सात शब्दांची अट नाही, हवं तेवढं लिही.

काय म्हणालीस, अक्का?

तुझा रघू